पोरांचे ६० तास आमच्या पेठेला द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, एका कॉलेजच्या गेटसमोर, कोल्हापुरातच. कुठलं कॉलेज ते लिहीत नाही, गिऱ्हाईक तिथलंच आहे आणि ही गोष्ट काय एकट्या त्या कॉलेजची नाही. झालंय असं की नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून पोरांना सीईपी नावाचं एक प्रकरण करावं लागतं, कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट, म्हणजे समाजात जाऊन काहीतरी काम करायचं आणि त्याचा रिपोर्ट द्यायचा. तसाच एक फिल्ड प्रोजेक्ट पण असतो. कल्पना चांगली आहे, वाद नाही. पण रिपोर्ट द्यायच्या शेवटच्या आठ दिवसांत माझ्या दुकानात येऊन उभे राहा, मग कळेल समाज कुठं आहे ते. समाज माझ्या डेस्कटॉपवर आहे. फाईलचं नाव "सीईपी फायनल फायनल २".

खोटं कशाला बोलू, ती फाईल मीच ठेवलीय. कुणीतरी पेनड्राईव्ह घेऊन प्रिंटला आला, फाईल माझ्याकडं राहून गेली, मागनं दुसरा आला आणि म्हणाला काका असाच एक काढा की, पहिलं पान तेवढं बदला. नाव, रोल नंबर, सरांचं नाव बदलायचं, बाकी इंडेक्स तीच, आभार तेच, फोटो तेच. फोटोत एक पोरगी झाडाला बादलीनं पाणी घालतीय आणि मागं अर्धा बॅनर दिसतोय, ती पोरगी आत्तापर्यंत चाळीस तरी गटांची सदस्य झाली असेल. एकदा गिऱ्हाईक नव्हतं म्हणून वाचत बसलो तर पंचगंगेच्या प्रदूषणावरच्या रिपोर्टात नवव्या पानावर अचानक मुळा-मुठा वाहायला लागली. पोरगं ते शब्द बदलायचं विसरलं होतं. त्यालाही सही मिळाली, स्पायरल मीच मारून दिलं.

हे असंच चालून गेलं असतं. पण ह्या वर्षी माझीच मुलगी सेकंड इयरला, दुसऱ्या कॉलेजात, आणि एका रात्री जेवताना म्हणाली पप्पा ती फाईल द्या ना. तिला सगळं ठाऊक, सुट्टीत दुकानावर तीच बसते. मी म्हणालो तुला नाही मिळणार. तर बायको म्हणाली लोकांच्या पोरांना देताय ते चालतंय व्हय. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, जरा लांबलंय, कापायचं असेल तर माझ्या घरचं कापा पण पुढचं ठेवा.

हिशेब बघा. हे काम २ क्रेडिटचं असतं, क्रेडिटला ३० तास, म्हणजे एका पोराचे ६० तास झाले. ६० पोरांचा एक वर्ग धरला तर ३६०० तास. एक माणूस रोज ८ तास राबला तर ४५० दिवसांचं काम आहे हे, आणि हे एका कॉलेजच्या एका वर्गाचं. शिवाजी विद्यापीठाखाली कोल्हापूर, सांगली, सातारा अशा तीन जिल्ह्यांतली कॉलेजं येतात, पुढचा गुणाकार मी करत नाही, कॅल्क्युलेटर दुकानात राहिलाय. एवढे तास फुकट उपलब्ध आहेत आणि आपण ते कागदावर छापून कपाटात ठेवतोय, वर्षभरानं रद्दीत जातात, आणि रद्दीवाला सुद्धा स्पायरल काढून द्या म्हणतो.

पोरं आळशी आहेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. पुराच्या वेळेला हीच पोरं कमरेएवढ्या पाण्यातनं म्हाताऱ्या माणसांना उचलून आणताना मी बघितलीत. गडबड अशी आहे की विषय सर ठरवतात, ठिकाण पोरं ठरवतात (घराजवळचं, नाहीतर फोटो चांगला येईल असं), आणि पुढच्या वर्षीची बॅच परत शून्यापासून सुरू करते. एनएसएसचंही (राष्ट्रीय सेवा योजना) थोडंफार तेच, १९६९ पासूनची योजना, वर्षाला १२० तास, सात दिवसांचं कॅम्प, चांगली माणसं घडली त्यातनं, पण ह्या वर्षी एक गाव, पुढच्या वर्षी दुसरं. गेलेल्या गावात काय उरलं ते बघायला परत कोण जात नाही.

माझं म्हणणं एवढंच की विद्यापीठानं एक पेठ धरावी, तीन वर्षं सोडू नये, आणि प्रश्न पेठेनं विचारावा. पेठेच्या बाजूनं कोण, असं विचाराल तर तालीम, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यावरनं नाव पडलेलं आमचं गल्लीचं मंडळ. कोल्हापुरात तालमी आहेत, प्रत्येक पेठेत आहेत, जागा आहे, कट्टा आहे, रात्री दहाला पण चार माणसं सापडतात. सामंजस्य करार तालमीशी करा. एनजीओ शोधत मुंबईला जायचं कारण नाही.

आता कुठली कामं ते सांगतो. मी शिकलेला बारावी, त्यामुळं चुकत असेल तर प्राध्यापक मंडळींनी दुरुस्त करावं.

पहिलं काम पुराच्या रेघांचं. आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगा नदी हाकेवर. पावसाळ्यात रोज सकाळी मोबाईलवर येतं, राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी इतके फूट इतके इंच, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, राधानगरी धरणाचे इतके स्वयंचलित दरवाजे उघडले, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी). आकडे आमच्या पाचवीतल्या पोरांना पण पाठ आहेत. पण ४३ फूट म्हणजे माझ्या उंबऱ्यापासून पाणी किती लांब हे कुठल्याच मेसेजमध्ये नसतं. आमचे वडील फुटात बोलायचेच नाहीत. पाणी जामदार क्लबपर्यंत आलं, आता गायकवाड वाड्याला टेकलं, चला गव्हाचं पोतं माळ्यावर टाका, हे त्यांचं माप. २००५ पर्यंत ते माप पुरलं. २०१९ ला बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा सगळी जुनी मापं बुडाली. आम्ही फ्रीज टेबलावर चढवून, शहाणपणा केला म्हणून निघालो होतो, पाणी उतरल्यावर येऊन बघतोय तर दार उघडंना, आत फ्रीज तरंगत येऊन दाराला आडवा पडलेला. २०२१ ला परत तेच, तेव्हा फ्रीज नव्हता एवढाच फायदा.

तर पोरांनी घरोघरी जाऊन २००५, २०१९, २०२१ ह्या तीन पुरांच्या खुणा गोळा करायच्या, आणि भूगोल विभाग किंवा सिव्हिलच्या पोरांनी लेव्हल मशीन लावून त्या एका मापात बसवायच्या. मुलीला फाईल दिली नाही म्हणून ती फुगली होती, मग म्हणालो हे करून बघ. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी टेप घेऊन तीन रविवार फिरल्या, २३ घरं झाली. एका घरात खुणेवर गुलाबी ऑइलपेंट मारलेला, पण आजींनी सांगितलं की देव्हाऱ्याच्या खालच्या फळीला लागलं होतं, फळी अजून तिथंच, मिळालं माप. समोरासमोरच्या दोन घरांत मात्र वीतभर फरक निघाला, ह्यांना वाटलं कोणतरी फेकतंय. मग लक्षात आलं एका घरानं पुरानंतर जुनी फरशी न काढता वरनंच नवीन बसवलीय. म्हणजे जमिनीपासून टेप लावून भागत नाही, मशीनच पाहिजे, आणि मशीन आमच्याकडं नाही, विद्यापीठाकडं आहे. इथं भागीदारी लागते, हार-तुऱ्याला नाही.

दुसरी एक मेख आहे. बंधारा कसबा बावड्याकडं, शहराच्या खालच्या अंगाला. पूर आला की नदीचं पाणी काय थाळीतल्यासारखं सपाट नसतं, त्याला उतार असतो, त्यामुळं बंधाऱ्यावरचे फूट जसेच्या तसे आमच्या गल्लीला लावता येत नाहीत, असं एका इंजिनिअर गिऱ्हाईकानं समजावलं. त्याला उपाय एकच, पाणी चढत असताना रोज, शक्य झालं तर दर तासाला, कुठल्या गल्लीत कुठल्या खांबापर्यंत आलं ते लिहून ठेवायचं आणि त्याच वेळचा बंधाऱ्याचा आकडा शेजारी लिहायचा. दोन-तीन पावसाळे हे केलं की गल्लीवार तक्ता होतो, बंधाऱ्यावर इतकं झालं की तुमच्या गल्लीत सामान हलवा. सुतारवाड्यात पहिलं पाणी येतं हे सगळ्या शहराला माहीत आहे, पण तिसरं, सातवं, बारावं कुठं येतं हे कुणी लिहून ठेवलंय का? आणि अख्ख्या महाराष्ट्रात बंधाऱ्याचा प्रकार कोल्हापूरच्या नावानं ओळखला जातो, तिथल्या लोकांना बंधाऱ्याचा आकडा वाचता येईना ही जरा लाजच आहे.

दुसरं काम विहिरींचं. पुरात चारी बाजूला पाणी आणि प्यायला घोट नाही. बालिंगा, शिंगणापूरचे पंप पाण्यात गेले की शहराचे नळ बंद, मग टँकरमागं कळशा घेऊन पळायचं, पंचेचाळीस मिनिटं रांगेत उभं राहून दोन कळशा, त्यातली एक भांडणात सांडलेली. आता काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ पासून आलंय, त्यामुळं विहिरींचं नाव काढलं की लोक हसतात. हसू देत. जुन्या पेठांत वाड्याच्या मागं, देवळाजवळ, तालमीच्या अंगणात विहिरी आहेत. काहींवर जाळी आहे आणि जाळीतनं निर्माल्य आणि बाटल्या आत जातात, काहींवर स्लॅब टाकून गाड्या लावल्यात, त्या गाड्यांखाली विहीर आहे हे त्या गाडीवाल्याला पण माहीत नसतं. किती आहेत, किती खोल, पाणी कितीवर, कुणाला ठाऊक नाही. दर अमावस्येला दोर सोडून पाण्याची पातळी मोजायची, अमावस्या एवढ्यासाठी की आमच्याकडं महिन्याची तारीख विसरतात, अमावस्या विसरत नाहीत. आणि पाणी तपासायला एक सोपी बाटली मिळते, त्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं की समजायचं घाण मिसळलीय. काळं पडलेल्या बाटल्या नंतर पर्यावरण विभागाच्या लॅबला द्यायच्या, नक्की काय मिसळतंय ते तिथं कळेल, ड्रेनेज की आणखी काय.

विद्यापीठाला हे अवघड जाऊ नये. १९६२ साली विद्यापीठ झालं तेव्हा सागरमाळ म्हणजे उघडा माळ, तिथं ८५३ एकरात त्यांनी झाडं लावली, पाणी अडवलं, तळी-विहिरी केल्या, स्वतःच्या पाण्यावर स्वतः उभं राहिलं, आणि २०१९ च्या पुरात नळ बंद पडले तेव्हा तिथलं पाणी शहरातल्या लोकांनी प्यालंय. म्हणजे त्यांनी हे करून दाखवलेलं आहे. तेच शहाणपण टेकडीवरनं खाली पेठेत आणायचं आहे, केएमटी बसचा एक प्रवास.

नाल्यांबद्दल थोडक्यात. कसबा बावड्याला ७६ एमएलडीचं (म्हणजे रोज ७६ दशलक्ष लिटरचं) आणि दुधाळीला १७ एमएलडीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तरी नाल्याचं पाणी नदीत मिसळल्याच्या बातम्या तुम्हीच छापता. कुठल्या बोळातलं गटार कुठं जाऊन मिळतं ह्याचा नकाशा पोरांनी चालत फिरून करावा, बाकी प्लँट सुधारणं हे सेकंड इयरच्या पोरांचं काम नाही, त्यांच्याकडनं ती अपेक्षा नको. तसाच जुन्या तळ्यांचा एक नकाशा पण व्हावा. वरुणतीर्थ होतं तिथं आज गांधी मैदान आहे, कपिलतीर्थावर भाजी मार्केट, आणि पाऊस जोरात आला की आपण पूर्वी तळं होतो हे गांधी मैदानाला बरोबर आठवतं.

काय करू नये ते पण सांगतो. गणपतीचं मूर्तिदान, काहिलीत (मोठ्या कढईत) विसर्जन, इराणी खणीतलं विसर्जन हे लोकांनी आणि मंडळांनी उभं केलंय आणि चाललंय, तिथं टी-शर्ट घालून परत मध्ये घुसायचं कारण नाही. रंकाळा तलावावर केंदाळ (जलपर्णी) काढताना एक तासाचं फोटोसेशन नको, ते पुढच्या महिन्यात परत येतं. आणि खताचे ड्रम तर अजिबात देऊ नका. आमच्या बोळात एकदा दोन ड्रम आले होते, ओला कचरा टाका म्हणाले, दोन आठवडे पोरं येऊन ढवळून गेली, मग परीक्षा लागल्या, पोरं गायब, वास सुटला, एक ड्रम कुणीतरी धुऊन पाणी साठवायला नेला आणि दुसऱ्यावर आता तुळस आहे. ज्या कामाला रोज माणूस लागतो ते काम सेमिस्टरवाल्या पोरांना झेपत नाही. मोजायचं, लिहायचं, नकाशा काढायचं काम झेपतं. तेच द्या.

सेमिस्टरवरनं आठवलं, सगळ्यात मोठी अडचण तिथंच आहे आणि त्यावर कोण बोलत नाही. आपल्याकडं पूर येतो जुलैच्या शेवटाला नाहीतर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. त्या वेळेला कॉलेजात काय चालू असतं? ॲडमिशन, आयकार्ड, बस पास. सीईपीचे गट पडेपर्यंत पाणी उतरून चिखल पण वाळलेला असतो. म्हणजे पाण्याचा अभ्यास आपण पाणी गेल्यावर करतो. एवढ्या एका कामासाठी तरी सेकंड आणि थर्ड इयरच्या पोरांचे गट मे महिन्यातच पाडा, जूनला तालमीत त्यांची ओळख करून द्या, आणि पुराच्या दिवसांत केलेले तास, ते सुट्टीत असोत की रात्री, क्रेडिटमध्ये धरा. (पाण्यात उतरायचं नाही, कट्ट्यावर उभं राहून खांब बघायचा, हे लेखी घ्या पोरांकडनं आणि घरच्यांकडनं पण.)

आता आमच्या बाजूची धुणी. तालमीत दोन गट असतात, निवडणूक आली की चार होतात. एक गट पोरांना चहा देतो म्हणून दुसरा गट विहिरीची किल्ली देत नाही, असं होणार, मी आत्ताच सांगतो. पोरी रेघा मोजायला गेल्या तेव्हा एका घरात विचारलं, हे लिहून घेताय म्हणजे नुकसानभरपाईचं परत काहीतरी आहे काय, आणि नाही म्हटल्यावर दार लावून घेतलं. एकानं तर २०१९ चं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत सांगितलं, त्याच्या घराला पहिला मजलाच नाही. म्हणून तालमीनं दोन माणसं नेमून द्यावीत, एक बाई पाहिजेच, घरात शिरकाव त्यांच्यामुळं होतो, आणि एक जाडं रजिस्टर तालमीत ठेवावं. बॅच बदलली, सर बदलले तरी रजिस्टर तिथंच राहील. विद्यापीठानं एकच प्राध्यापक तीन वर्षांसाठी नेमून द्यावेत, दर वर्षी नवीन को-ऑर्डिनेटर नको, आणि त्यांना ह्या कामाचा लोड धरून द्यावा, नाहीतर ते बिचारे पण शेवटी माझ्याच दुकानात येतात.

रिपोर्ट कॉलेजला द्यायचा तो द्या इंग्लिशमध्ये, चाळीस पानी. पण एक पान मराठीत काढून तालमीच्या बोर्डावर लावायचं, तुमच्या गल्लीत काय सापडलं ते, मोठ्या अक्षरात. ह्या एका पानाच्या झेरॉक्स माझ्याकडनं फुकट, जितक्या घरांना पाहिजेत तितक्या, तीन वर्षं. सामंजस्य कराराचा कागद पण मी टाईप करून देतो, स्टॅम्प पेपरचा खर्च तेवढा विद्यापीठानं करावा. फ्लेक्स मात्र छापणार नाही, सांगून ठेवतो.

हे काय मी नवीन शोधून काढलेलं नाही. सरकारनं २०१६ ला आयआयटी मुंबईला बरोबर घेऊन उन्नत महाराष्ट्र अभियान काढलं, इंजिनिअरिंगच्या पोरांनी आपापल्या जिल्ह्यातल्या पाणी, शेती असल्या प्रश्नांवर काम करावं म्हणून. विद्यापीठात ग्रामीण विकासाचा विभाग आहे, पर्यावरणाचा आहे, आजीवन अध्ययन आणि विस्ताराचा आहे. सगळं आहे. फक्त शुक्रवार पेठेचा पत्ता त्यांना कुणी दिलेला नाही, तो ह्या पत्रानं देतोय. एका पेठेत करून बघा, जमलं तर बाकीच्या पेठा आपोआप भांडत येतील, आम्हाला का नाही म्हणून, कोल्हापूर आहे.

मुलीचा प्रोजेक्ट अजून सबमिट झालेला नाही. तिच्या सरांनी २३ घरांचा तक्ता बघितला आणि म्हणाले छान आहे, पण फोटो कमी आहेत. आता ती गुलाबी भिंतीचा फोटो काढायला परत गेलीय.

कळावे,
आपला एक वाचक, झेरॉक्सवाला,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर

ता.क. नाव छापू नका, वर कारण लिहिलंय. आणि ती फाईल मी अजून डिलीट केलेली नाही. रिपोर्टच्या दिवसांत दिवसाला सातशे-आठशे रुपये तिच्यावर होतात. विद्यापीठाचं पत्र तालमीला आलं त्या दिवशी करतो.